शंभर यार्डांच्या आत

जून महिन्यात सकाळच्या पहिल्या गाड्यांनी म्हसवडच्या एस. टी. स्थानकावर उतरून, खांद्यावरच्या पिशव्या सावरीत जी मुले-मुली महाविद्यालयाच्या वाटेला लागतात, त्यांच्यांत देवापूर, पुळकोटी, जांभुळणी, विरळी अशा आसपासच्या गावांहून आलेली आणि आपल्या घराण्यात उच्च शिक्षणाची पायरी प्रथमच चढणारी अशी पुष्कळ असतात. कोणाच्या आजोबांचे आयुष्य मेंढरांमागे गेलेले असते, कोणाचे वडील सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यानिमित्त परमुलखात असतात, कोणाचे आईबाप ऊसतोडीला जाऊन मुलाच्या फीची तजवीज करतात. आणि माणदेशाच्या पाचवीला पुजलेल्या अवर्षणाशी झुंजून गाठीला बांधलेल्या या पैशाचा काही भाग फाटकासमोरच्या टपरीवर पुडीमागून पुडी होऊन जाऊ लागला, तर ती हानी केवळ आरोग्याची राहत नाही. म्हणून प्रवेशाची धांदल संपण्यापूर्वीच, म्हणजे वाईट सवयींना आवारात बूड टेकावयास जागा सापडण्याच्या आधी, प्राचार्यांनी, अध्यापकांनी, संस्थाचालकांनी आणि पालकांनी कोणती व्यवस्था लावावी, याचा काहीसा तपशीलवार विचार करण्याचे येथे योजिले आहे.

बहुतेक ठिकाणची व्यवस्था ‘धूम्रपान निषिद्ध’ या फलकापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. फलक आवश्यक आहे, कायद्याने तो सक्तीचाही आहे. परंतु आपल्या प्रांतातील तंबाखूचे खरे स्वरूप ज्याने पाहिले आहे, त्याला या फलकाची मर्यादा सांगावयास नको. २०१६-१७ साली झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ लोक कोणत्या ना कोणत्या रूपाने तंबाखूचे सेवन करतात असे आढळून आले. पण त्यांत ओढणारांचे प्रमाण अवघे ३.८ टक्के होते, आणि चघळणारे, दाढेत धरणारे, दातांना चोळणारे मिळून २४.४ टक्के होते. म्हणजे आपल्याकडची तंबाखू धूर करीत नाही. ती गालात बसते, तासाच्या ऐन मध्यावर मागच्या बाकावर निमूटपणे बसून राहते आणि घंटा होताच जिन्याच्या कोपऱ्यात आपली खूण सोडते. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने सार्वजनिक जागी मनाई केली आहे ती धूम्रपानाची. बार भरून वर्गात बसणाऱ्याला त्या कलमाखाली धरता येत नाही. तेव्हा जेथे कायदा थांबतो तेथून पुढची वाट महाविद्यालयाने स्वतःच्या नियमांनी आखली पाहिजे, आणि या लेखाचा मुख्य रोख त्या नियमांवरच आहे.

हा नियम कसा लिहावा? प्रवेशपत्रिकेतील ‘विद्यार्थ्यांनी व्यसनांपासून दूर राहावे’ अशा सुभाषितवजा वाक्याने काहीही साधत नाही, कारण त्याचा भंग केव्हा झाला हेच कोणास सांगता येत नाही. नियमात वस्तूंची नावे असावीत: मळून खावयाची तंबाखू, मावा, गुटखा, मिश्री, सुगंधित सुपारी, विडी, सिगरेट, ई-सिगरेट, गांजा, चरस. ती जवळ बाळगणे, सेवन करणे, दुसऱ्यास देणे आणि मागविणे या चारही गोष्टींना मनाई असावी. यांपैकी गुटखा व पानमसाला यांच्यावर महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२ पासून बंदी घातली असून ती दर वर्षी पुढे चालू ठेवण्यात येते. ई-सिगरेटवर २०१९ साली देशभर बंदी आली. आणि सुटी विडी-सिगरेट विकण्यास महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून मनाई आहे. ही शेवटची बंदी फारशी कोणाच्या लक्षात नसते. परंतु विद्यार्थी पहिली सिगरेट घेतो ती सुटी घेतो, पाकीट नव्हे, हे ध्यानात घेता महाविद्यालयाच्या दृष्टीने तिचे मोल इतर सर्व बंद्यांहून अधिक आहे. नियम कोणास लागू, हेही स्पष्ट लिहावे: विद्यार्थी, अध्यापक, कारकून, शिपाई, उपाहारगृहाचा ठेकेदार, बांधकामावरचे मजूर, संस्थेचे पदाधिकारी आणि त्यांच्यासोबत येणारे पाहुणे.

या यादीतील दुसरे नाव कित्येकांना खटकेल, आणि नेमक्या त्याच ठिकाणी बहुतेक योजना गारद होतात. शिक्षकांच्या खोलीत टेबलाच्या खणात चुन्याची डबी आहे, मधल्या सुटीत दोघे-तिघे अनुभवी गृहस्थ तळहातावर तंबाखू मळीत विद्यापीठाच्या परिपत्रकावर चर्चा करीत आहेत, आणि याच वेळी बाहेर व्हरांड्यात एखाद्या पोराच्या खिशातली पुडी पकडून त्याला प्राचार्यांसमोर उभे केले जात आहे, असा देखावा जेथे घडू शकतो तेथे त्या पोराला शिकविले जाते ते एवढेच की, व्यसन वाईट नसते, फक्त वय आणि हुद्दा कमी असणे वाईट असते. माझ्या मते प्राचार्यांनी विद्यार्थ्यांची पहिली सभा घेण्याच्या आधी सेवकवर्गाची सभा घ्यावी, आणि तीत कोणाची मानखंडना न करता पण संदिग्धपणाही न ठेवता सांगावे की, घरी कोण काय करतो हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, आवारात मात्र ही सवलत कोणालाच नाही. ज्यांना वर्षानुवर्षांची सवय आहे त्यांना ती एका दिवसात सुटणार नाही. त्यांच्यासाठी डॉक्टरांची गाठ घालून देणे, तीन महिन्यांची मुदत देणे, हे माणुसकीला धरून आहे. मुदत संपल्यावर मात्र नियमाने आपला मार्ग चालावा.

आता फलकाकडे वळू. धूम्रपानबंदीची जी नियमावली २ ऑक्टोबर २००८ पासून अंमलात आली, तिच्यानुसार शैक्षणिक संस्था ही सार्वजनिक जागा असून प्रवेशद्वारी व आत ठळक जागी किमान ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच फलक असला पाहिजे, आणि तक्रार कोणाकडे करावयाची त्या व्यक्तीचे नाव त्यावर असले पाहिजे. नावाची ही अट मोठ्या धोरणाने घातलेली आहे. नाव नसलेला फलक ही कोणाचीच जबाबदारी नसते. नाव लिहिलेला फलक त्या गृहस्थाला रोज येता-जाता विचारीत असतो. हे काम कोणाकडे सोपवावे? सर्वांत कनिष्ठ तासिकेवरच्या अध्यापकाकडे ते ढकलण्याची जी रूढी आहे ती सोडून द्यावी, कारण ज्याला स्वतःच्या नेमणुकीची शाश्वती नाही तो संस्थेच्या सचिवांच्या गाडीतून उतरलेल्या पाहुण्याला विडी विझवावयास सांगू शकत नाही. ज्येष्ठ, मुलांत मिसळणारा आणि स्वतः निर्व्यसनी असा अध्यापक निवडावा. त्याच्या जोडीला प्रत्येक वर्गातून एक मुलगा व एक मुलगी घ्यावी. त्यांनी गुप्तहेरी करावयाची नाही. आवार पाहावयाचे, पुड्यांची कागदे व थुंकीचे डाग कोठे दिसतात ते एका वहीत टिपावयाचे, एवढेच त्यांचे काम. ही वही फार बोलकी ठरते. डाग जेथे पडतात तेथेच बैठक जमते, आणि ती जागा बहुधा सायकली ठेवण्याच्या छपरामागे, पाण्याच्या टाकीपाशी किंवा वसतिगृहाच्या गच्चीवर असते. त्या जागी दिवा लावणे, झुडपे छाटणे, गच्चीच्या दाराला कुलूप घालणे, या बिनबोभाट उपायांनी जे साधते ते दहा व्याख्यानांनी साधत नाही.

दंडाविषयी थोडेसे. धूम्रपान करणाऱ्याकडून २०० रुपयांपर्यंत दंड घेण्याचा अधिकार नियमावलीने शाळा-महाविद्यालयांच्या प्रमुखांना व अध्यापकांनाही आपापल्या संस्थेपुरता दिलेला आहे. तो क्वचित वापरावा, पण पावतीवाचून कधीही वापरू नये. बिनपावतीचा दंड ही दुसऱ्या एका व्यसनाची सुरुवात असते.

महाविद्यालयाच्या भिंतीबाहेरची शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, हा या साऱ्या प्रकरणातला अवघड मुलूख. त्या टापूत तंबाखूचा कोणताही पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याच्या ६ व्या कलमाने मनाई आहे, आणि हे अंतर फाटकापासून रस्त्यारस्त्याने मोजावयाचे नसून आवाराच्या बाहेरच्या कुंपणापासून चहूबाजूंनी सरळ रेषेत मोजावयाचे आहे. टपरीवाला ‘मी तर वळणापलीकडे आहे’ असे सांगतो तेव्हा त्याचे म्हणणे पायवाटेच्या हिशेबाने खरे असते, कायद्याच्या हिशेबाने नसते. तेव्हा पहिले काम मोजणीचे. भूगोल विभागाच्या विद्यार्थ्यांकडून टेप घेऊन ही मोजणी करवावी, आवाराचा नकाशा काढून त्यावर हद्द आखावी आणि हद्दीत येणारी दुकाने त्यावर दाखवावीत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ साली तंबाखूमुक्त शिक्षणसंस्थांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही ही हद्द रस्त्यावर पिवळ्या रेषेने दाखवावी असे सुचविले आहे. नकाशाची एक प्रत नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना, एक म्हसवड पोलीस ठाण्याला, आणि गुटख्याचा संशय असल्यास एक साताऱ्याच्या अन्न व औषध प्रशासनाला, अशा रीतीने लेखी अर्जासोबत पाठवून पोच घ्यावी. तोंडी तक्रार हवेत विरते. आवक क्रमांक पडलेल्या अर्जाला मात्र कोठल्या तरी दप्तरात जागा मिळते आणि त्याचे उत्तर मागता येते.

टपरीवाला हाही बहुधा गावचाच, कुठल्याशा कोरडवाहू तुकड्यावर भागत नाही म्हणून खोके टाकून बसलेला माणूस असतो, आणि त्याच्याशी पहिली भेट पोलिसांना घेऊन करण्याचे कारण नाही. प्राचार्यांनी स्वतः जाऊन त्याच्याशी बोलावे, कायदा दाखवावा, आणि वह्या, पेन, झेरॉक्स, चहा, भेळ यांवर त्याचे दुकान चालेल अशी विद्यार्थ्यांच्या गर्दीची हमी त्याला द्यावी. पुष्कळदा तो ऐकतो. न ऐकल्यास अर्ज आहेच. गावच्या राजकारणामुळे एखादे खोके हलत नाही असाही अनुभव येतो, आणि तेव्हा संस्थाचालकांची खरी कसोटी लागते, कारण त्या खोक्याचा पाठीराखा बहुधा त्यांच्याच परिचयाचा निघतो. मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथयात्रेला गुलालाने गाव न्हाऊन निघते त्या दिवसांत तात्पुरत्या दुकानांची जी रांग लागते, तिच्यासाठी तर यात्रेच्या आधीच नगरपालिकेला पत्र देऊन जागावाटपात महाविद्यालयाची हद्द वगळून घ्यावी. यात्रा सुरू झाल्यावर केलेल्या विनंतीकडे लक्ष द्यावयास कोणालाच सवड नसते, आणि यात्रेच्या गर्दीत घेतलेली पहिली पुडी यात्रेबरोबर निघून जात नाही.

आपल्याकडे वरिष्ठ महाविद्यालयाच्याच इमारतीत अकरावी-बारावीचे वर्ग भरतात, ही गोष्ट या संदर्भात फार महत्त्वाची आहे. म्हणजे आवारातील पुष्कळ मुले अठरा वर्षांखालची असतात. अशा मुलास तंबाखू विकणे हा २००३ च्या कायद्याने गुन्हा आहेच. परंतु २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाने मुलाला तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्या अथवा देवविणाऱ्या इसमास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. दोनशे रुपयांच्या दंडाला हसणारा दुकानदार हे कलम ऐकून गंभीर होतो. आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे: अकरावीच्या मुलाला ‘जा रे, एक पुडी घेऊन ये’ म्हणून पिटाळणारा वडीलधारा, मग तो वरच्या वर्गातला दादा असो की कार्यालयातला मामा असो, या कलमाच्या आटोक्याबाहेर आहे असे त्याने समजू नये.

गांजाचे प्रकरण याहून निराळे आहे, आणि त्याला तंबाखूच्याच मापाने मोजण्याची चूक दोन्ही बाजूंनी होते: काही जण दोहोंना सारखेच क्षुल्लक मानतात, काही जण गांजाचे नाव काढताच मुलाला गुन्हेगार ठरवून मोकळे होतात. इंग्रजी अमदानीत गांजाच्या विक्रीचे परवाने देऊन सरकार त्यावर महसूल मिळवीत होते, आणि १८९३-९४ साली नेमलेल्या आयोगाने संपूर्ण बंदीऐवजी नियंत्रणाचीच शिफारस केली होती. त्यामुळे जुन्या पिढीच्या मनात या वस्तूविषयी एक प्रकारची सैल वृत्ती राहून गेली आहे. शिखर शिंगणापूर जवळ असल्याने ‘हा तर शंभू महादेवाचा प्रसाद’ असा युक्तिवादही पोरे करतात. महादेवाने हलाहलही प्राशन केले होते. तो प्रसाद मागणारा भक्त मात्र अद्याप कोणाच्या पाहण्यात नाही. आजची कायदेशीर स्थिती अशी की, १४ नोव्हेंबर १९८५ पासून अंमलात आलेल्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाची लागवड, बाळगणे, विक्री व सेवन हे सर्व गुन्हे ठरविले आहेत. एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ मानला जातो, त्याबद्दल एक वर्षापर्यंत सश्रम कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नुसत्या सेवनाबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा तेवढाच दंड, किंवा दोन्ही. आणि लागवडीबद्दल दहा वर्षांपर्यंत. शिक्षणसंस्थेत किंवा तिच्या लगत गुन्हा घडला असेल, तर शिक्षा वाढविताना न्यायालयाने विचारात घ्यावयाच्या गोष्टींत त्या ठिकाणाचाही समावेश आहे. संस्थेची अब्रू जाईल म्हणून जे प्रकरण दडपू पाहतात, त्यांनी आपले आवार जाणूनबुजून अशा कामासाठी वापरू देणाऱ्याविषयी त्याच कायद्यात २५ वे कलम आहे, हे एकदा वकिलाकडून समजून घ्यावे.

प्रत्यक्ष प्रसंग आला तर काय करावे? समजा, वसतिगृहाच्या खोलीत सुकलेल्या हिरवट कळ्यांची पुडी दिसली, शेजारी तंबाखू काढून घेतलेली पोकळ सिगरेट पडली आहे, आणि खोलीत जळक्या गवतासारखा उग्र वास भरला आहे. ती पुडी उचलून खिशात घालून प्राचार्यांकडे धावत जाणारा अधीक्षक सद्धेतूने वागत असला, तरी कायद्याच्या दृष्टीने त्या क्षणी ती वस्तू त्याच्यापाशी असते. तिला हात लावू नये. नाल्यात टाकू नये, जाळू नये. दोन साक्षीदारांसमक्ष खोलीला कुलूप लावावे, वेळ लिहून ठेवावी, प्राचार्यांना व पोलिसांना कळवावे, आणि जप्ती-पंचनाम्याचे काम ज्यांचे त्यांच्यावर सोपवावे. विद्यार्थ्यांची अंगझडती अध्यापकांनी कधीही घेऊ नये. मुलींच्या बाबतीत तर ती केवळ स्त्रीनेच घ्यावी असे कायदा सांगतो. मूल अठरा वर्षांखालील असल्यास त्याचे प्रकरण बालन्याय मंडळापुढे जाते, ठाण्याच्या कोठडीत नव्हे, हे पालकांना त्याच वेळी समजावून सांगावे, म्हणजे घाबरून ते भलत्याच माणसाच्या हाती पैसे देण्याच्या फंदात पडत नाहीत. आणि विकणारा कोण, याची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना लेखी द्यावी. ऊस, मका अशा उंच पिकांत गांजाची झाडे लावल्याच्या बातम्या पश्चिम महाराष्ट्रातून वरचेवर येत असतात; अशा लागवडीची खबर ताबडतोब देणे हे सरपंच व गावकामगारांचे कर्तव्यच कायद्याने ठरविले आहे. मुलाच्या मागे लागणे सोपे आणि विकणाऱ्याच्या मागे लागणे कठीण असते, एवढ्याच कारणाने सगळी कारवाई मुलावर येऊन थांबते, असे मला नेहमी वाटत आले आहे.

तेव्हा सापडलेल्या विद्यार्थ्याचे करावे काय? माझे उत्तर स्पष्ट आहे: पटावरून त्याचे नाव कमी करू नये. ज्या मुलाला दाखला हातात देऊन काढून टाकले, तो आवाराबाहेर गेला म्हणजे आवार स्वच्छ झाले असे समजणाऱ्या संस्थेने आपला प्रश्न गावाच्या पदरात टाकलेला असतो, आणि गावाकडे त्याचे उत्तर नसते. विकणाऱ्याची गोष्ट वेगळी. विद्यार्थी असूनही जो मुलांना माल पुरवितो, त्याच्याविषयी दयामाया दाखविण्याचे कारण नाही. परंतु सेवन करणारा हा रुग्ण आहे. १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साह्याने पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले ते याच विश्वासावर; आणि आपल्या जिल्ह्यात साताऱ्याला डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या पुढाकाराने परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्राचे काम सुरू झाले, तेही त्याच दृष्टीने. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४-अ कलमातही, सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस मान्यताप्राप्त ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेऊन ते पूर्ण करील तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते, अशी तरतूद आहे. कायदा जेथे इतका समंजस आहे, तेथे शिस्तपालन समितीने त्याहून कठोर होऊ नये.

तंबाखू सोडू पाहणाऱ्या मुलाला काही गोष्टी आधी सांगितल्या तर त्याचा धीर सुटत नाही. चुन्याच्या क्षारामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात शिरते, म्हणूनच मळलेली तंबाखू लगेच तरतरी देते आणि तितक्याच लवकर तलफ लावते. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात: चिडचिड होते, मन लागत नाही, झोप तुटते, दोन ते चार आठवड्यांत हे ओसरत जाते. प्रत्येक तलफ काही मिनिटांची असते. तेवढा वेळ बडीशेप, लवंग, पाणी, किंवा मैदानाची एक फेरी यांनी निभावून नेता येतो. परीक्षेच्या आठवड्यात सोडण्याचा मुहूर्त धरू नये. सुपारी तेवढी चालेल, अशी समजूत मात्र साफ काढून टाकावी, कारण सुपारीनेच तोंडाची आतली त्वचा ताठर होत जाते आणि ऐन विशीत तोंड उघडेनासे होते. गांजाच्या बाबतीत मुलांना सांगण्याजोगी गोष्ट ही की, कुमारवयात तो सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे सहांतला एक जण त्याच्या अधीन होतो, स्मरणशक्ती व एकाग्रता यांवर परिणाम होतो, आणि ज्याच्या प्रकृतीत मनोविकाराचे बीज असते त्याचा विकार उफाळून येण्याचा धोका वाढतो. भ्रम, भीती, कोणी आपल्या मागे आहे असे वाटणे, ही लक्षणे दिसली तर समुपदेशावर न थांबता मनोविकारतज्ज्ञाला दाखवावे. म्हसवडहून साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन येण्यात दिवस मोडतो. म्हणून दूरध्वनीचे क्रमांक वर्गावर्गांत लावून ठेवावेत: तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६, अमली पदार्थांसाठी १४४४६, मनःस्वास्थ्यासाठी १४४१६. तिन्ही ठिकाणी पैसे पडत नाहीत.

मुले व्यसनाकडे वळतात ती पुष्कळदा निव्वळ रिकाम्या वेळामुळे. तास साडेबाराला संपतात आणि गावाकडची गाडी तीनला असते. या अडीच तासांत वर्ग बंद, ग्रंथालयात दुपारची सुटी, मैदानावर ऊन, आणि सावली देणारी एकमेव जागा टपरीची. म्हणून मी प्राचार्यांना विनंती करीन की, त्यांनी एस. टी.चे वेळापत्रक आपल्या टेबलावर ठेवावे आणि ग्रंथालयाच्या वेळा त्यावरून ठरवाव्यात. दोन पंखे, पाण्याचा माठ, वर्तमानपत्रे आणि एक कॅरमबोर्ड असलेली खोली दुपारभर उघडी ठेवण्यास जो खर्च येतो, तो एका मोठ्या व्याख्यानमालेच्या मांडवाहून कमीच असतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर याच जिल्ह्यातली मुले वाढविली, तेव्हा त्यांच्या हातांना रिकामपण ठेवले नाही. ग्रंथालय, प्रयोगशाळा, बाग, कार्यालय यांत विद्यार्थ्यांना तासावर काम देण्याची ती पद्धत आजही चालू करता येते, आणि ज्या मुलाच्या हाती स्वतःच्या कष्टाचे पैसे येतात तो ते उधळताना एकदा तरी विचार करतो.

पालकांच्या सभेत एक विषय हमखास टाळला जातो, तो मिश्रीचा. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, कुटून केलेली ही पूड कित्येक घरांत आई, आजी, चुलती रोज दातांना लावतात; कोणी तिला व्यसन म्हणत नाही, दंतमंजन म्हणतात. घरात सकाळी आईच्या बोटावर जी वस्तू पाहिली तीच महाविद्यालयात निषिद्ध का, हे मुलीला समजणे कठीण जाते. या मातांपर्यंत महाविद्यालयाच्या नोटिशीने पोहोचता येणार नाही. बचतगटाच्या बैठकीत आरोग्यसेविकेला नेऊन, किंवा म्हसवडच्याच माणदेशी तरंग या सामुदायिक रेडिओवर त्यांच्याच बोलीत सांगून पोहोचता येईल. बोलणारी बाई मिश्री सोडलेली असावी. सल्ला देणाऱ्या डॉक्टरांपेक्षा तिचे दोन शब्द अधिक मानले जातील.

शेवटी दिनविशेषांविषयी. ३१ मे हा तंबाखूविरोधी दिन ऐन उन्हाळ्याच्या सुटीत येतो, त्यामुळे रिकाम्या आवारात दोन-चार जणांनी शपथ घेऊन तो पार पाडला जातो. २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन राजर्षी शाहूंच्या जयंतीबरोबर येतो, आणि दोहोंची फेरी एकच निघते. फेऱ्या काढावयास हरकत नाही, पण फेरी संपल्यावर घोषणा देऊन घसा सुकलेली मुले कोठे थांबतात, हे संयोजकांनी जरूर पाहावे. खरे काम त्या दोन दिवसांच्या आधी करावयाचे असते. या लेखाचा वाचक प्राचार्य असेल तर त्याने प्रवेश सुरू होण्यापूर्वी हद्दीचा नकाशा तयार करावा, नगरपालिका, पोलीस ठाणे व अन्न-औषध प्रशासन यांना अर्ज रवाना करून पोच दप्तरी लावावी, आणि सेवकवर्गाची सभा बोलवावी. पालक असेल तर त्याने पहिल्या पालकसभेत फलकावर कोणाचे नाव आहे, ते विचारावे.